आतापर्यंत काय काय घातलंत?

एका डोळ्यावर पदराचा नाहीतर टॉवेलचा बोळा दाबून कुणी काउंटरशी आलं, की मी तीन प्रश्न विचारते. काय गेलं, कधी गेलं, आणि आतापर्यंत काय काय घातलंत? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एकेका शब्दात मिळतात. पाचट. काल. तिसऱ्या प्रश्नाला माणूस खुलतो. आधी मालकांनी फुंकर मारली. मग पदराचं टोक ओलं करून कोपऱ्यातून फिरवलं. शेजारच्या काकूंनी मध सांगितला, तो घातला, अगदी पोळ्यातला, बाजारचा नव्हे. रात्री एरंडेल. जावेचं मूल अंगावर पितं म्हणून पहाटे तिच्या दुधाचे दोन थेंब. आणि सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची बाटली फळीवर होती, तिच्यात तळाशी थोडं उरलं होतं, तेही.

"तरी बी उतार न्हाई बघा, ताई."

कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठी आमचं मेडिकल आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. हे मी रोज सांगते आणि गिऱ्हाइकं रोज कानाआड करतात, कारण डॉक्टरांकडे केसपेपर काढून रांगेत बसावं लागतं आणि माझ्याकडे फक्त पायरी चढावी लागते. या काउंटरवरून लाल डोळे इतके पाहिलेत की एक मत पक्कं झालंय. शेतात, कारखान्यात, स्वयंपाकघरात वावरणाऱ्या माणसाच्या डोळ्यात कधी ना कधी काहीतरी जाणारच. त्यातले कितीतरी डोळे नुसत्या पाण्याने आणि वेळेवर दाखवण्याने सुटतात. जे बिघडतात त्यातले बरेचसे पुढच्या दोन-चार दिवसांत बिघडतात, घरच्यांच्या मायेने आणि आमच्या दुकानांतल्या बाटल्यांनी.

आमच्याकडे याचा मोसम ठरलेला आहे. दिवाळीच्या मागेपुढे साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात, रानाकडेला त्यांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या पडतात आणि उन्हाळा लागेपर्यंत तोड चालते. एकजण कोयत्याने बुडखा तोडतो, पाचट सोलतो, शेंडा उडवतो. मागे बायको मोळ्या बांधते, वाढं वेगळं काढते. या सगळ्यात तोंड सतत पात्यांच्या उंचीला. उसाच्या पात्याची कड हातावरून गेली तर रक्त काढते. डोळ्यावरून जाते तेव्हा रक्त येत नाही, त्यामुळे त्या जखमेला कुणी जखम मानत नाही.

बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, तो घड्याळाच्या काचेसारखा पुढे बसवलेला असतो. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो स्वच्छ राहतो. नसांचं जाळं मात्र दाट असतं, म्हणून धुळीचा कण गेला तरी जीव कासावीस होतो. या पडद्याचा वरचा थर नुसता खरवडला गेला तर एक-दोन दिवसांत भरूनही येतो, इतकी त्याची ताकद आहे. अडचण अशी की उसाचं पातं, भाताचं तूस किंवा बाजरीचं कुसळ एकटं येत नाही. त्याच्याबरोबर रानातली बुरशी येते. फ्युझेरियम, अॅस्परजिलस ही तिची नावं मी औषधांच्या माहितीपत्रकांत वाचते. शेतकऱ्याला ती माहीत असण्याचं कारण नाही. तीच बुरशी त्याच्या पिकांवरही असते आणि तिच्यासाठी तो फवारणीचं औषध वेळेवर आणतो.

जिवाणूंचा संसर्ग एक-दोन दिवसांत भडकतो, माणूस घाबरून दवाखाना गाठतो. बुरशी सावकाश काम करते. पहिले काही दिवस खुपतं, पाणी येतं, उजेड नको वाटतो, पण कामावर जाता येतं. टोळीवरच्या माणसाला जावंच लागतं, कारण खाडा पडला की मुकादम आगाऊ दिलेल्या उचलीच्या हिशेबात कापतो. मग कधीतरी बायकोच्या लक्षात येतं की बुबुळावर करडा-पांढरा ठिपका आहे. तोवर आत व्रण पसरलेला असतो. बरा झाला तरी तिथे फूल राहतं, आणि ते बरोबर मधोमध आलं तर डोळा असून नसल्यासारखा.

मधल्या त्या दिवसांत तो कुठल्या तरी मेडिकलमध्ये येऊन गेलेला असतो. "मागच्या बारीला दिलं होतं ते द्या. एका रात्रीत लाली गेली होती." एका रात्रीत लाली घालवणारं औषध म्हणजे नव्वद टक्के वेळा स्टेरॉईड, किंवा अँटिबायोटिक आणि स्टेरॉईड एकाच बाटलीत. डेक्सामेथासोन या स्टेरॉईडचे ड्रॉप्स हे अतिशय उपयोगी औषध आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तेच देतात, डोळ्याच्या आतल्या काही सुजांवर त्याला तोड नाही. ते काम एकच करतं: शरीराने चालवलेली धुमश्चक्री शांत करतं. लाली, सूज, ठणका हे त्या धुमश्चक्रीचेच भाग, ते उतरतात, आणि माणूस मेडिकलवाल्याला दुवा देतो. बुरशीला मात्र आता अडवणारं कुणी उरत नाही. नागिणीच्याच कुळातल्या हर्पिस विषाणूचा डोळ्यातला व्रणही याच औषधाने चिघळतो. बाटलीच्या खोक्यावर लाल पट्टीत छापलेलं असतं की चिठ्ठीशिवाय विकू नये. त्या पट्टीकडे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी दुर्लक्ष होतं, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं सत्य आहे.

मी देत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक चिडून चौकातल्या दुसऱ्या दुकानात जातं, हेही मला इथून दिसतं.

लहान मुलांच्या बाबतीत याचाच दुसरा प्रकार आहे. काही मुलांचे डोळे उन्हाळ्यात अॅलर्जीने खाजतात, ती सतत चोळतात. डॉक्टर आठ दिवसांपुरतं स्टेरॉईड लिहून देतात. आई ती चिठ्ठी जपून ठेवते आणि खाज सुटली की तीच बाटली आणते. वर्ष-दोन वर्षं. डोळा लाल होत नाही, मूल रडत नाही, सगळं छान. आत डोळ्यातला दाब वाढत राहतो, त्यातून काचबिंदू होतो, आणि तो दुखत नाही. जुनी चिठ्ठी पुढे करणाऱ्या आयांशी माझी जितकी भांडणं झालीत तितकी उधारीवाल्यांशीही झाली नसतील.

बुरशीवर जे औषध चालतं त्याचं नाव नॅटामायसिन. 1950च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत नाताळ भागातल्या मातीतून ते सापडलं, म्हणून त्याचं नाव असं. पाश्चात्त्य देशांत चीजच्या सालीला बुरशी धरू नये म्हणूनही तेच लावतात, याची मला अजून गंमत वाटते. बाटलीत ते दुधट पांढरं दिसतं, तळाशी बसतं, दर वेळी नीट हलवूनच घालावं लागतं. न हलवता घातलं तर नुसतं पाणी जातं. सुरुवातीला तासातासाला, मग आठवडेच्या आठवडे. 2013 साली दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात या जुन्या औषधाने नव्या, महागड्या औषधाला मागे टाकलं, विशेषतः फ्युझेरियमच्या व्रणात. तेव्हा औषध आहे. कोपीत राहणाऱ्या, सूर्य उगवायच्या आत रानात जाणाऱ्या माणसाने तासातासाला ते कुणाकडून घालून घ्यायचं, याचं उत्तर कुठल्याच चाचणीत नाही.

म्हणून मला सगळ्यात जवळचा वाटतो तो नेपाळातला भक्तपूरचा प्रयोग. 2001 साली तो प्रसिद्ध झाला. तिथे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांना एवढंच शिकवलं, की डोळ्याला काही लागलेला माणूस आला तर रंगद्रव्य टाकून, निळ्या उजेडाखाली बुबुळ खरवडलंय का ते बघायचं, आणि खरवडलं असेल तर क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस. साधं, स्वस्त, जुनं मलम. खरवडलेल्या 442 डोळ्यांपैकी 96 टक्के संसर्ग न होता भरून आले. ज्यांना इजा झाल्यापासून 18 तासांच्या आत मलम मिळालं, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. एकालाही. हे मलम काही जादूचं नव्हे, आणि हे वाचून कुणी माझ्याकडे ते मागायला येऊ नये, कारण आधी कुणीतरी डोळा तपासला होता. कमाल आहे ती त्या 18 तासांची. आमच्याकडे मध, एरंडेल आणि जावेचं दूध नेमके तेवढेच तास खातात.

"गॉगल घाला" असं सांगणं सोपं आहे. मार्गशीर्षातल्या धुक्यात, घामाने काच धूसर झालेला गॉगल लावून कोयता चालवून बघा म्हणावं. तरी काहीजण घालतात. पाचट सोलताना आणि वाढं बांधताना साधा पारदर्शक चष्मासुद्धा पुरतो, तो बांधकामाच्या सामानाच्या दुकानात मिळतो आणि ड्रॉप्सच्या एका बाटलीपेक्षा फार महाग नसतो. एका मुकादमाने टोळीसाठी घेतले होते. पुढच्या हंगामात विचारलं तर म्हणाला, निम्मे हरवले, निम्मे पोरं खेळायला घेऊन गेली. निम्म्यातले चार-दोन तरी कुणाच्या डोळ्यावर गेले असतील असं मी धरून चालते.

आता चुन्याबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यावर कुणीच बोलत नाही.

माझ्या आजीच्या पानाच्या डब्यात पितळी चुनाळं होतं. घट्ट झाकणाचं, जाड, आणि आम्हा पोरांना त्याला हात लावायची बंदी. आता टपरीवर चुना मिळतो तो प्लॅस्टिकच्या इवल्याशा पुडीत नाहीतर ट्यूबमध्ये, तंबाखूच्या पुडीबरोबर. माणूस नखभर काढतो, पुडी खिशात किंवा खिडकीत ठेवतो. मूल ती उचलतं. मऊ असते, दाबायला मजा येते. तोंड चिकटलेलं असतं म्हणून मूल आणखी दाबतं, बघायला जवळ धरतं, आणि पुडी फुटते ती सरळ डोळ्यात. पितळी चुनाळं कुणी दाबून फोडू शकत नव्हतं. पुडी स्वस्त झाली, सोयीची झाली, आणि तिने एक अपघात नव्याने जन्माला घातला. 2003 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या डॉक्टरांनी या पुड्यांबद्दल धोक्याचा इशारा छापला होता. पुड्या अजून टपरीवर लटकलेल्या आहेत, मुलांच्या गोळ्यांच्या माळांशेजारी.

आम्ल डोळ्यात गेलं की वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि त्या गोठलेल्या थरामुळे आम्ल बऱ्याचदा तिथेच अडतं. चुना अल्कली आहे. तो पेशींच्या आवरणातल्या चरबीचा साबण करतो आणि वाट काढत आत शिरतो. शिवाय तो पूर्ण विरघळत नाही. त्याचे कण वरच्या पापणीच्या आत चिकटून बसतात आणि तिथून हळूहळू अल्कली सोडत राहतात. वरवर डोळा धुतला, मूल शांत झालं, तरी आतली भाजणी चालूच. आणि सगळ्यात फसवी गोष्ट अशी, की जोरात भाजलेला डोळा लाल दिसत नाही. बुबुळाच्या कडेच्या रक्तवाहिन्याच बंद पडतात, त्यामुळे पांढरा भाग जास्तच पांढरा, स्वच्छ दिसतो. घरचे म्हणतात, बरं झालं, लालसुद्धा झाला नाही.

यावर पहिला उपाय पाणी. लगेच, जिथे असाल तिथे, जे पिण्याजोगं मिळेल ते. नळ, हंडा, बाटली, बोअरची पाइप. मुलाचं डोकं त्या डोळ्याच्या बाजूला कलतं करायचं म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही, पापण्या बोटांनी फाकवायच्या आणि धार धरायची. अर्धा तास. मूल किंचाळेल, दोघांनी धरावं लागेल, सासूबाई म्हणतील पोराला का छळताय. धरायचं. लिंबू चुना मारतं म्हणून लिंबाचं पाणी घालणारे मी पाहिलेत. हे शाळेतलं रसायनशास्त्र डोळ्यावर चालवू नये. त्यात उष्णता निघते आणि वेळ जातो. अर्धा तास धुऊन झाल्यावर रिक्षा. उलटं नाही. दवाखान्यात डॉक्टर पापणी उलटी करून कापसाच्या काडीने कण काढतात, पुन्हा धुतात, डोळ्याची आम्लता कागदी पट्टीने मोजतात आणि ती मूळ जागी येईपर्यंत धूतच राहतात. म्हणजे सगळी यंत्रं असलेल्या ठिकाणीही आधी पाणीच.

दिवाळीआधी घराला चुना मारताना, विहिरीत चुना टाकताना, पानवेलीला चुना-मोरचुदाचं बोर्डो मिश्रण फवारताना हाच धोका मोठ्यांना असतो. 2025 च्या दिवाळीत भोपाळसह मध्य प्रदेशात पाइपच्या कार्बाइड बंदुकांनी शंभराहून जास्त लोकांचे, बहुतेक मुलांचे, डोळे जखमी झाले. प्लॅस्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइड, त्यावर पाणी, मग ठिणगी. बातम्यांत स्फोटाबद्दल भरपूर आलं. कार्बाइडवर पाणी पडलं की अॅसिटिलीन वायूबरोबर मागे काय उरतं, ते कुणी फारसं सांगितलं नाही. चुना उरतो. तो गरम, स्फोटासकट, नळीत डोकावणाऱ्या पोराच्या डोळ्यात जातो.

चुन्याचा आणखी एक जुना धागा आहे, तो मला फार आवडतो. माणसाच्या बुबुळाचं, म्हणजे कॉर्नियाचं, पहिलं यशस्वी रोपण 7 डिसेंबर 1905 रोजी ओलोमौत्स या गावी, आजच्या चेक प्रजासत्ताकात, एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी केलं. रुग्ण मजूर होता. चुन्याने त्याचे दोन्ही डोळे भाजले होते. बुबुळ मिळालं एका अकरा वर्षांच्या मुलाचं, ज्याच्या डोळ्यात लोखंडाचे कण घुसले होते आणि तो डोळा काढण्यावाचून इलाज नव्हता. मजुराच्या एका डोळ्यातलं रोपण टिकलं आणि तो कामावर परत गेला. नेत्रदानाच्या फलकांवर हसरे चेहरे असतात, त्यांच्या मागे सुरुवातीला हे दोन अपघात होते: एकाचा चुना, दुसऱ्याचं लोखंड. दोन्ही अपघात आमच्या तालुक्यात आजही होतात. चुन्याने भाजलेल्या डोळ्यात मात्र आजही रोपण सहज टिकत नाही, कारण बुबुळाच्या कडेला जिथून नव्या पेशी येतात ती कडच जळालेली असते. झिर्मना यश मिळालं ते नशीब मोठं म्हणून.

लोखंडाचं सांगायचं तर वेल्डिंगवाली पोरं माझी रात्रीची गिऱ्हाइकं. दिवसभर काच न धरता 'टाचा' मारतात, तेव्हा काही होत नाही. सहा-सात तासांनी, जेवून झोपल्यावर, डोळ्यात वाळू भरल्यागत होतं आणि रात्री शटर वाजतं. प्रखर उजेडाने बुबुळाचा वरचा थर भाजलेला असतो, बहुतेक वेळा दिवस-दोन दिवसांत तो भरतो. यांची मागणी ठरलेली: "बधिर करायचे ड्रॉप्स द्या, डॉक्टरांनी घातले तेव्हा एका मिनिटात बरं वाटलं." ते त्यांनी कितीही हात जोडले तरी मी देणार नाही. डॉक्टर ते तपासण्यापुरते एकदा घालतात. घरी नेऊन वारंवार घातले तर बुबुळाचा थर भरणंच थांबतं, आणि दुखत नसल्याने कळतही नाही. ग्राइंडरचा कण मात्र वेगळा. तो काडेपेटीच्या काडीने काढून देणारा एक 'एक्स्पर्ट' प्रत्येक शेडमध्ये असतो, आणि कण निघाला तरी गंजाचं कडं मागे राहतं. छन्नी-हातोड्याने उडालेला कण तर थेट आत जाऊ शकतो, बाहेरून जखम दिसतही नाही. या सगळ्यांचे गॉगल असतात. कपाळावर.

2023 च्या पावसाळ्यात आमच्या काउंटरवर एकच आजार होता. जुलैत आळंदीत हजारोंचे डोळे आल्याच्या बातम्या झळकल्या आणि पुढच्या काही आठवड्यांत राज्यभर लाखोंनी रुग्ण झाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला नमुन्यांत एंटेरोव्हायरस जातीचे विषाणू सापडले. याच कुळातल्या साथीने 1969 मध्ये घानापासून सुरुवात केली होती. त्याच सुमारास माणूस चंद्रावर गेला म्हणून तिला लोकांनी अपोलोचं नाव दिलं. 1971 मध्ये बांगलादेश युद्धात निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा बंगालमध्ये तिलाच 'जय बांगला' म्हणू लागले. साथीला नाव द्यायची हौस सगळीकडे सारखीच.

त्या महिन्यात काळे चष्मे इतके खपले की स्टेशनरीवाल्यानेही ते ठेवले. लोक एकमेकांकडे बघायचे नाहीत. शाळेतल्या एका बाईंनी डोळे आलेल्या मुलीला मागच्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं म्हणे. बघण्याने डोळे येत नाहीत. ते हाताने येतात: डोळा पुसला, दाराच्या कडीला, एसटीच्या दांड्याला, शंभराच्या नोटेला हात लावला, तिथून दुसऱ्याच्या हाताला, तिथून त्याच्या डोळ्याला. काळ्या चष्म्याचा खरा उपयोग इतकाच की घालणाऱ्याचा हात आपल्याच डोळ्याकडे जात नाही. बाकी साबण, वेगळा टॉवेल, वेगळी उशी, आणि आठवडाभर धीर. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे सांगून मी त्या महिन्यात गल्ल्याचं बरंच नुकसान करून घेतलं. तरी एकाच घरातल्या पाचजणांसाठी एकच बाटली नेणारे होतेच. पाचहीजणांच्या डोळ्यांना टेकलेलं बाटलीचं तोंड, म्हणजे साथीला घरपोच सेवा.

सणावारांवर बोलायला लागले की घरातले म्हणतात, आता पुरे. एवढंच सांगते: गुलाल गेला तर धुता येतो, रंगाचा फुगा फुटला तर निदान दुखतं, पण मिरवणुकीतला लेझर डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्यावर पडतो तेव्हा काहीच जाणवत नाही. ना लाली, ना पाणी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या ओळीच्या मधोमध डाग दिसतो. धुण्यासारखं काही नाही, घालण्यासारखं काही नाही. 2024 मध्ये पुण्यात पोलिसांनी गणेशोत्सवात लेझरला मनाई केली, ती योग्यच होती. आमच्याकडे मात्र वर्गणीच्या पावतीवर अजून 'भव्य लेझर शो' छापतात.

पाण्याचं इतकं गुणगान केल्यावर एक अपवाद सांगायलाच हवा. डोळ्यात काही घुसलेलं असेल, डोळा फाटल्याची शंका असेल, बाहुली वेडीवाकडी दिसत असेल, तर धुवायचं नाही, दाबायचं नाही, घुसलेलं काढायचं नाही, कापूस ठेवून पट्टीसुद्धा आवळायची नाही. दसऱ्याच्या सुमारास पोरं खराट्याच्या हिरांचे धनुष्यबाण करतात. मागच्या गल्लीतल्या एका मुलाला तसाच बाण लागला. आई अंगणवाडीत सेविका. तिने चहाचा कागदी कप घेतला, तो डोळ्यावर न टेकता भोवतीच्या हाडांवर बसवला, चिकटपट्टीने लावला आणि तशीच मोटरसायकलवर मागे बसून मिरजेला गेली. पोराला वाटेत पाणीसुद्धा दिलं नाही, कारण भूल द्यावी लागेल हे तिला माहीत होतं. त्याच रात्री टाके पडले. नजर पूर्वीएवढी नाही, पण फळ्यावरचं वाचता येतं.

ती ड्रॉप्स न्यायला येते तेव्हा मला बाटलीवर उघडल्याची तारीख पेनने लिहायला लावते, महिन्यानंतर फेकायची म्हणून. परवा सोबत सासूबाई होत्या. पायरीवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "हिनं लय घाई केली बघा. गाईचं तूप घालून बघायचं हुतं आधी."